कोकणातली मराठी इस्राएलात

भाषा दोन तऱ्हांनी मरते. बोलणारी माणसेच मारली गेली तर, किंवा त्यांच्या मुलांनी ती सोडली तर. युरोपातल्या ज्यूंच्या यिद्दिश भाषेच्या वाट्याला दोन्ही आले. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ती बोलणारे सुमारे १ कोटी १० लाख लोक होते. हिटलरच्या राजवटीने ६० लाख ज्यू मारले, त्यांत बहुसंख्य यिद्दिश बोलणारे. वाचून इस्राएलला गेलेल्यांना तिथे हिब्रूचा आग्रह भेटला. तरी यिद्दिश संपली नाही. १९७८ साली आयझॅक बाशेविस सिंगर यांना तिच्यातल्या लेखनासाठी नोबेल मिळाले आणि ब्रुकलिन, अँटवर्प, लंडन इथली कर्मठ ज्यू मुले आजही घरी तीच बोलतात.

एवढ्या लांबची गोष्ट आपल्याला कशाला, असे वाचक म्हणतील. पण त्याच इस्राएलात आपली मराठीही जाऊन पोहोचली आहे.

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले, असे बेने इस्राएल सांगतात. कुलाब्याच्या गावोगावी ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावे रोहेकर, पेणकर, दिवेकर. प्रार्थना हिब्रूत, बाकी सारे मराठीत. मुंबईतले त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली बांधले. त्याला ते 'मशीद'च म्हणत. १८३२ साली जॉन विल्सन या मिशनऱ्याने त्यांच्यासाठी हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. १८८० नंतर तर बायबलमधल्या कथांवर कीर्तने होऊ लागली, टाळ-पेटीसह! हायम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ साली मुंबईत शाळा काढली, तिच्यात मुले मराठी आणि हिब्रू दोन्ही शिकली.

समाजात भेदही होता. 'गोरे इस्राएल' 'काळ्या इस्राएलां'शी रोटीबेटी व्यवहार करीत नसत. आपल्याला हे नव्याने सांगायला नको.

१९४८ नंतर हजारो कुटुंबे इस्राएलला गेली. तिथे त्यांच्या रंगावरून आणि कामावरून वागणूक मिळाली. १९५१-५२ साली काहींनी आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून धरणे धरले. पुढे १९६२ साली मुख्य धर्मगुरूंनी हुकूम काढला, की बेने इस्राएलाशी लग्न लावण्यापूर्वी त्याच्या पूर्वजांची चौकशी करावी. पूर्वजांची! पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळलेल्या माणसांच्या घराण्याची तपासणी! १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये बायकामुलांसह आंदोलन झाले, संसदेने दखल घेतली, आणि हुकुमातून त्यांचे नाव काढावे लागले.

हक्क मिळाला, पण मुलांची भाषा बदलत गेली. शाळा, सैन्य, नोकरी सगळे हिब्रूत. आजी मराठीत बोलते, नातू हिब्रूत उत्तर देतो. यिद्दिशचे तेच झाले होते. फरक असा, की कर्मठ ज्यूंनी घराबाहेरही यिद्दिश धरून ठेवली. मराठीला तसा आधार नाही. तरी लोद, दिमोना, अश्दोद इथे मराठी गाणी आणि मलिदा अजून होतात, आणि नोहा मासिल यांच्या संपादनाखाली 'मायबोली' हे मराठी नियतकालिक इस्राएलमधून निघत असे.

आपल्या इथे उरलेले थोडेच आहेत. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.