बटेर मीटरभर उडाली, तेव्हा

लेकीच्या बाळंतपणासाठी नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलला गेलेल्या एका वाचक आजींनी प्रश्न पाठवलाय. नातवाच्या टाचेला टोचून कागदावर रक्ताचे थेंब घेतले आणि ‘आनुवंशिक आजारांची तपासणी’ असं सांगितलं. आजी विचारतात, ‘‘आमच्या दोन्ही घराण्यांत असलं कुणाला काही नाही. मग एवढ्याशा जिवाला कशाला टोचायचं?’’

घराण्यात कुणाला नसणं हीच तर या आजारांची खोड. सदोष जनुक आई आणि बाबा दोघांकडूनही आलं तरच बाळ आजारी पडतं. एकाकडूनच आलं, तर माणूस ठणठणीत राहतो आणि नकळत ते पुढच्या पिढीकडे सरकवतो. असे दोन वाहक एकत्र आले की प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. पत्रिका जुळवून हे कळत नाही.

अमेरिकेत नवजातांच्या तपासणीसाठी केंद्राने शिफारस केलेली यादी आहे. तिच्यात 2015 साली ‘पॉम्पे’ या आजाराची भर पडली. त्यावरच्या औषधाचं पायाभूत काम आजींच्या लेकीच्या घरापासून गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर, डरहॅमच्या ड्यूक विद्यापीठात झालं. (मॉरिसव्हिलचं नाव आपल्या घरांत पोचलं ते मेजर लीग क्रिकेटमुळे. 2023 च्या पहिल्या हंगामातले काही सामने तिथल्या चर्च स्ट्रीट पार्कवर झाले. शेजारच्या विद्यापीठाचीही थोडी वाहवा व्हायला हरकत नाही.)

योहानेस पॉम्पे हे डच डॉक्टर. सात महिन्यांच्या एका मुलीचं हृदय भलतंच मोठं झालं होतं आणि स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातली साठवणीची साखर, ठासून भरलं होतं, हे त्यांनी 1932 मध्ये नोंदवलं. पुढे महायुद्धात ते नाझींविरोधी चळवळीत उतरले. त्यांच्या प्रयोगशाळेच्या आवारात दडवलेला रेडिओ ट्रान्समीटर जर्मनांना सापडला आणि 15 एप्रिल 1945 रोजी त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. नेदरलँड्स मुक्त व्हायला तेव्हा तीन आठवडेसुद्धा उरले नव्हते. हा आजार का होतो, हे पुढे 1963 मध्ये बेल्जियमच्या आँरी-जेरी एर्स यांनी दाखवलं. पेशीतल्या लायसोसोम या कप्प्यात ग्लायकोजेन फोडणारं एक विकर या बाळांत नसतं किंवा नीट काम करत नाही. ग्लायकोजेन साठत जातं, स्नायू लुळे पडतात आणि उपचाराविना बहुतेक बाळं पहिला वाढदिवस बघत नाहीत.

मग बाहेरून विकर द्यावं, हे कुणालाही सुचेल. साठच्या दशकात बुरशीपासून काढलेलं विकर देऊनही पाहिलं, पण ते फळलं नाही. कारण नंतर उमगलं. लायसोसोमकडे जाणाऱ्या विकरावर मॅनोज-6-फॉस्फेट ही साखरेची खूण लागते, अगदी पत्रावरच्या पिनकोडसारखी. तो नसेल तर पत्र जातं, पण भलत्याच गावाला. (पिनकोडची पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी देशात आणली ती श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, टपाल खात्यातल्या आपल्या संस्कृत कवीने. संधी मिळाली की मी हे सांगतोच.) ड्यूकमध्ये मूळचे तैवानचे युआन-त्सोंग चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिनी हॅमस्टरच्या पेशींकडून हे मानवी विकर खुणेसकट तयार करून घेतलं.

आणि आता माझी लाडकी पात्रं: जपानी बटेर. जपानमध्ये याच विकराची उणीव असलेल्या बटेरांचा वंश सापडला होता. चाचणी साधी होती. पक्ष्याला उताणं ठेवायचं आणि तो आपला आपण पालथा होतो का, ते पाहायचं. निरोगी बटेर क्षणात उलटते. या बिचाऱ्या पाय झाडत तशाच पडून राहायच्या. जपानी सहकाऱ्यांबरोबर चेन यांच्या चमूने अठरा दिवसांत सात वेळा विकर टोचलं. जास्त मात्रा मिळालेल्या दोन्ही बटेरा उलटल्या, त्यांनी पंख फडफडवले, आणि त्यांतली एक मीटरभराहून उंच उडाली. 1998 च्या शोधनिबंधात ही नोंद निव्वळ सेंटिमीटरमध्ये आहे. लिहिणाऱ्याच्या संयमाला दाद द्यावी लागेल!

1999 मध्ये ड्यूकला तीन बाळांवर चाचणी सुरू झाली. तिघांनीही वर्षाचा टप्पा ओलांडला, पण स्नायूंची ताकद एकाचीच नीट आली. उरलेल्या दोघांच्या शरीरांत हे विकर मुळीच नव्हतं, म्हणून बाहेरून आलेलं परकं ठरलं आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली. या गुंत्यावर पुढे वर्षानुवर्षं काम केलं ते ड्यूकच्याच डॉ. प्रिया किशनानी यांनी. त्यांचं वैद्यकीय शिक्षण मुंबईतलं. विकर सुरू करतानाच प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधं द्यायची, ही उपचारपद्धत रुळण्यात त्यांच्या गटाचा मोठा वाटा आहे.

2006 मध्ये हे विकर पुरवणाऱ्या औषधाला, जेनझाइम कंपनीच्या ‘मायोझाइम’ला, मान्यता मिळाली. 2010 मध्ये हॉलिवूडने याच आजारावर सिनेमा काढला. त्यात हॅरिसन फोर्डने रंगवलेला तिरसट शास्त्रज्ञ काल्पनिक आहे. चेन यांच्यावर कुणी सिनेमा काढला नाही, बटेरांवर तर नाहीच. एकट्या अवलियाने चमत्कार केला, ही गोष्ट तिकिटबारीवर चालते. खऱ्या गोष्टीत एका निबंधावर सात-आठ नावं असतात आणि दोन निबंधांमध्ये वर्षं जातात.

‘आजार जिंकला’ असल्या मथळ्यांवरही विश्वास ठेवू नका. मायोझाइम जनुक दुरुस्त करत नाही. ते दर पंधरवड्याला शिरेतून द्यावं लागतं, तेही जन्मभर आणि जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. टाचेचा थेंब त्यासाठीच.

आपल्याकडे असा थेंब प्रत्येक बाळाचा घेतला जात नाही. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात पॉम्पे आहे, आणि त्याखालच्या उत्कृष्टता केंद्रांत मुंबईचं केईएमही आहे. मदतीची मर्यादा 2022 पासून रुग्णामागे 50 लाख रुपये. औषधाची नेहमीची मात्रा मात्र वजनावर ठरते, किलोमागे 20 मिलिग्रॅम. म्हणजे दहा किलोच्या बाळाला दर खेपेला 50 मिलिग्रॅमच्या चार कुप्या लागतात आणि तेच मूल तीस किलोचं झालं की बारा.