एकाचे कौतुक, दहांची उपेक्षा

मुंबईच्या वानखेडे मैदानावर १४ नोव्हेंबर २०१३ रोजी वेस्ट इंडीजविरुद्धच्या कसोटीत भारताचे दोन्ही सलामीचे फलंदाज एकाच षटकात बाद झाले. दुसरा गडी बाद होताच प्रेक्षकांनी जो जल्लोष केला, तो ऐकून गोलंदाज भारताचाच असावा, असे एखाद्या परक्या माणसास वाटले असते. कारण अर्थातच उघड होते. सचिन तेंडुलकरची ती अखेरची, दोनशेवी कसोटी होती आणि आता फलंदाजीस तो येणार होता. चोवीस वर्षांच्या कामगिरीनंतर मुंबईकरांनी आपल्या लाडक्या खेळाडूस डोक्यावर घ्यावे, यात वावगे काही नाही. परंतु स्वपक्षाचा गडी बाद झाल्याचा हा आनंद त्या दिवशी प्रथमच झाला नव्हता. राहुल द्रविडसारखा फलंदाज खेळत असतानाही 'सचिन केव्हा येतो' म्हणून ताटकळणारे प्रेक्षक वर्षानुवर्षे होतेच. त्या कसोटीत दहा बळी घेऊन सामनावीर ठरला तो प्रज्ञान ओझा. त्यानंतर तो भारतातर्फे एकही कसोटी खेळला नाही, याची खंत किती जणांस वाटली?

ही विभूतिपूजा आजची नाही. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजविरुद्ध प्रथमच मालिका जिंकली. त्या मालिकेचे नाव निघताच पदार्पणात ७७४ धावा काढणारे सुनील गावसकर आठवतात आणि ते योग्यच आहे. तथापि किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत गावसकर खेळलेच नव्हते. ७५ धावांत पाच गडी गमावलेल्या संघाला तेथे सावरले ते मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंच्या २१२ धावांनी आणि एकनाथ सोलकरांनी ६१ धावा काढून दिलेल्या साथीने. सरदेसाईंनी मालिकेत ६४२ धावा केल्या. पोर्ट ऑफ स्पेनच्या विजयात सलीम दुराणींनी लॉइड व सोबर्स यांचे बळी मिळवले. एका नावाच्या प्रकाशात ही सारी नावे फिकी पडली.

एकावरच सारी भिस्त ठेवण्याचा परिणाम काय होतो, हे जानेवारी १९९९ मध्ये चेन्नईला दिसले. पाठदुखी सोसत सचिनने १३६ धावा केल्या. तो बाद झाला तेव्हा पाकिस्तानविरुद्ध विजयास १७ धावा हव्या होत्या व तीन गडी शिल्लक होते. उरलेले तिघे अवघ्या चार धावांत परतले. सचिन बाद होताच घरोघरी दूरचित्रवाणी संच बंद होण्याचा तो काळ होता. ज्यांच्याकडून कोणी काही अपेक्षाच ठेवत नाही, त्यांचा आत्मविश्वास वाढावा तरी कसा?

पुढे या आंधळ्या प्रेमाने अधिक कडवट रूप घेतले. मुंबई इंडियन्सने डिसेंबर २०२३ मध्ये, पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्या रोहित शर्माऐवजी हार्दिक पंड्याला कर्णधार नेमले. या निर्णयावर टीका करण्याचा अधिकार प्रेक्षकांना निश्चितच होता. पण १ एप्रिल २०२४ रोजी वानखेडेवर मुंबईच्याच पाठीराख्यांनी आपल्या कर्णधाराची हुर्यो उडवली. त्या मोसमात संघ तळाला राहिला. पुढे २९ जून रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील शेवटचे षटक याच हार्दिकने टाकले आणि भारत सात धावांनी जिंकला. ज्या रोहितच्या प्रेमापोटी हार्दिकला हिणवले गेले, त्या रोहितच्या हाती चषक आला तो हार्दिकच्या षटकानंतर! ४ जुलै रोजी त्याच वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा गजर झाला. प्रेक्षक शहाणे झाले की केवळ त्यांची मूर्ती बदलली, हा प्रश्न उरतोच.

जाहिरातदारास एक चेहरा पुरतो आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यातही एकच नाव मावते. त्यांचा व्यवहार बदलेल, अशी आशा करणे व्यर्थ आहे. मात्र प्रेक्षकाला आपली दृष्टी बदलता येईल. त्याचा आरंभ शाळेच्या मैदानावरच व्हायला हवा. शतक काढणाऱ्या मुलाची पाठ थोपटताना, दुसऱ्या टोकाला तासभर तग धरून त्याला साथ देणाऱ्या मुलाचे नावही शिक्षकाने वर्गात घ्यावे. धावफलकावर अकरा नावे असतात. ती सर्व वाचण्याची सवय लहानपणीच लागली, तर आपलाच गडी बाद झाल्यावर टाळ्या वाजवताना हात आपोआप अडखळतील.