'व्हायोला'वरची मासेमारी
इंग्लंडमधल्या बेव्हर्ली इथे १९०६ मध्ये बांधलेली 'व्हायोला' ही हल बंदराची वाफेवर चालणारी ट्रॉलर. खाली भट्टीत कोळसा, वर वाफेच्या रहाटावर जाळं. त्यामुळे वारा पडला तरी काम थांबत नसे. उत्तर समुद्रात तिचा ताफा आठवडेच्या आठवडे राही. खरा जीवघेणा भाग मासळी पोचवण्याचा. ती साफ करून पेट्यांत भरायची, वल्ह्यांच्या होडीत रचायची आणि उसळत्या लाटांतून लंडनला निघालेल्या बोटीवर चढवायची. यात कित्येक खलाशी बुडाले. लंडनकरांच्या ताज्या मासळीची ही किंमत फार मोठी होती. पहिल्या महायुद्धात 'व्हायोला'वर तोफ चढली. पुढे ती नॉर्वेकडे गेली. आज ती दक्षिण जॉर्जिया बेटावर ग्रिटविकनला आहे. तिचं वाफेचं इंजिन अजून जागेवर आहे.