डायलिसिसच्या माणसाचं ताट (लेखांक ५)

गेल्या आठवड्यात फिस्टुलाच्या हाताची काळजी पाहिली. आज जेवणाचं बोलू. रत्नागिरीकडच्या घरांत डायलिसिसच्या माणसाचे सर्वांत जास्त हाल ताटावरच होतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

मूत्रपिंडं हळूहळू निकामी होत असतात तेव्हा डॉक्टर प्रथिनं कमी करायला सांगतात. डायलिसिस सुरू झालं की हा नियम उलटतो, पण घरात जुनंच पथ्य चालू राहतं. मऊ भात, पातळ पेज, बिनमिठाची भाजी. सगळं मायेपोटीच, आणि माणूस मात्र खंगत जातो. डायलिसिसच्या दर खेपेला साधारण ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्लं रक्तातून निघून जातात. म्हणून किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. ५० किलोच्या बाईंना ५० ते ६० ग्रॅम. भात-पेजेवर हे भागत नाही.

हे खंगणं वजनकाट्यावर दिसत नाही, हीच मोठी अडचण. झडलेल्या मांसाची जागा साठलेलं पाणी घेतं आणि काटा तिथेच राहतो. पावलं सुजलेली असतात, पण हात वर केला की बांगड्या घसरून पार कोपराशी येतात. अशा वेळी डॉक्टरांना ‘ड्राय वेट’ (जादा पाणी काढल्यावरचं खरं वजन) पुन्हा ठरवायला सांगा आणि रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचा आकडा विचारा. तो ३.५ च्या खाली असेल तर दुर्लक्ष नको. भूक मेलीय, तोंडाला चव नाही, ही तक्रारही सांगाच. डायलिसिस अपुरं होत असल्याची ती खूण असू शकते.

आपल्या कोकणात प्रथिनांची वाण नाही. ताज्या बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, दोन अंड्यांच्या पांढऱ्यात सात. सुकट आणि खारा बांगडा मात्र दूर ठेवा. मिठाने तहान लागते, आणि पाणी तर मोजूनच प्यायचं: दिवसाची लघवी होईल तेवढं, अधिक अर्धा लिटर. चहा, पेज, कढी त्यातच धरायची. मासे-अंडी न खाणाऱ्यांनी डाळ, दही, पनीर यांचं प्रमाण आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावं. जेवणातला फॉस्फरस अडवणारी गोळी जेवणाच्या घासांबरोबरच घ्यायची, मागाहून आठवली म्हणून नाही.

डायलिसिसच्या दिवशी उपास घडतो, त्याचं मला फार वाईट वाटतं. राजापूर-गुहागरकडच्या गावांतून पहाटेची एसटी, चार तास मशीनवर, मग परतीचा प्रवास. दिवस चहा-बिस्किटावर निघतो. २०१६ पासूनचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांमुळे अनेकांचा उपचाराचा खर्च हलका झाला. डबा मात्र घरूनच यायला हवा. उकडलेली अंडी, चपाती, उकळून पाणी काढून टाकलेली भाजी.

भाजीचं पाणी काढून टाकायचं ते पोटॅशियमसाठी. रक्तात ते वाढलं तर हृदयाची लय बिघडते. शहाळ्याचं पाणी त्यासाठीच वर्ज्य. पण मे महिन्यात स्वतःच्या बागेत बसलेल्या माणसाला हापूस नुसता दाखवायचा, हे मला पटत नाही. ताजा रिपोर्ट बरा असेल तर डॉक्टरांना विचारून एक लहान फोड द्यावी. जगण्यातली गोडीही सांभाळायला हवी. करमलाची गोष्ट निराळी. तारेसारख्या पाच धारांच्या या आंबट फळातलं विष निरोगी मूत्रपिंड बाहेर टाकतं, डायलिसिसच्या माणसात मात्र ते मेंदूपर्यंत पोचतं. न थांबणारी उचकी, भ्रम, झटके, प्रसंगी मृत्यूही. लोणच्यातलं असो की आमटीतलं, त्याची फोडसुद्धा द्यायची नाही.