तेलविहिरीचे अस्तर

विहीर खणणे आणि विहीर बांधणे ही दोन कामे निराळी आहेत, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पाणी लागले म्हणजे खणणारे मोकळे होतात; पण मातीच्या थराला दगडी बांधकाम चढत नाही तोवर पहिल्या मोठ्या पावसात विहीर ढासळण्याची धास्ती असते. बोअर घेणाऱ्यांचाही अनुभव हाच. दख्खनच्या काळ्या पाषाणात वरच्या मातीमुरुमापुरते केसिंग उतरवले की खालचा दगड बहुधा आपला आपण उभा राहतो. याउलट लखनौची वृंदावन योजना घ्या. ही वसाहत गंगेच्या मैदानातल्या गाळावर वसलेली आहे. अशा जमिनीत कूपनलिका करायची तर वाळू आणि चिकणमाती यांच्या थरांतून नळ तळापर्यंत न्यावा लागतो, आणि पाणी देणाऱ्या वाळूसमोर त्याचा जाळीदार भाग येईल अशी योजना करावी लागते. जमीन जशी, तसे अस्तर.

तेलविहिरीत या अस्तरावर आणखी एक जबाबदारी येऊन पडते. पाण्याची विहीर ढासळली तर पैसा बुडतो. तेलविहिरीच्या तळाशी मात्र दाबाखाली कोंडलेला वायू असू शकतो. त्याने वर यावे ते आपण ठेवलेल्या नळाच्या आतून. नळाच्या बाहेरून त्याला वाट मिळाली तर वर काम करणाऱ्या माणसांच्या जिवावर बेतते.

ही विद्या आजची नव्हे. अकराव्या शतकात चीनच्या सिचुआन प्रांतातले लोक खारे पाणी काढण्यासाठी अरुंद आणि खोल विहिरी पाडत, आणि वरच्या थरातले गोडे पाणी आत झिरपू नये म्हणून एकात एक बसवलेले पोकळ बांबू त्यांत उतरवत. सू तुंगपो या थोर कवीने त्या कृतीचे वर्णन करून ठेवले आहे. पुढे 1859 साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एडविन ड्रेक याची विहीर पुनःपुन्हा ढासळू लागली, तेव्हा त्याने लोखंडी नळ ठोकत खडकापर्यंत नेला आणि त्या नळातून पुढे छिद्र पाडले. अवघ्या 21 मीटरवर त्याला तेल लागले. ड्रेकचे नाव घेताना लोकांना तेल आठवते, तो नळ आठवत नाही. नळाच्या वाट्याला ही उपेक्षा नेहमीचीच!

आपल्याकडे 1974 च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे 160 किलोमीटरवर, मुंबई हाय येथे तेल शोधले, आणि 1976 साली तेथून उत्पादन सुरू झाले. तेथे समुद्र सुमारे 75 मीटर खोल आहे आणि तेल आहे ते त्याच्याही तळाखाली, चुनखडकात. समुद्रातल्या अशा विहिरीत आरंभी हातभर फुगलेला, तीस इंच व्यासाचा नळ बसवतात. त्याच्या आतून पुढे छिद्र पाडायचे, त्यात वीस इंची नळ सोडायचा. मग तेरा, मग साडेनऊच्या घरातला, आणि शेवटी बहुधा सात इंची. दुर्बिणीच्या नळ्या एकीत एक बसाव्यात तशी ही रचना असते. प्रत्येक टप्पा कोठे थांबवायचा हे खालच्या खडकाची ताकद आणि त्यातला दाब पाहून ठरवतात.

यांतला एक टप्पा जवळून पाहू. सव्वाबारा इंच व्यासाचे छिद्र 1500 मीटरपर्यंत तयार आहे. छिद्र पाडताना त्यात जड चिखल खेळवलेला असतो. रिगवरचे लोक त्याला ‘मड’ म्हणतात. त्याच्या वजनानेच खडकातला वायू जागच्या जागी दबून राहतो. आता यात नऊ पूर्णांक पाच अष्टमांश इंची पोलादी नळ उतरवायचा आहे. एकेक नळ सुमारे 12 मीटर लांबीचा, वजन आठ क्विंटलांहून अधिक. असे सव्वाशे नळ. आधी प्रत्येकाची लांबी मोजून वहीत टिपतात, आतून ठराविक मापाचा दांडा घालून कोठे पोचा नाही ना ते पाहतात, आट्या पुसून त्यांना वंगण लावतात. वहीतली बेरीज चुकली तर नळाचे टोक कोठे टेकले हेच कळायचे नाही. मग मनोऱ्यावरून एकेक नळ उभा लटकवायचा, खालच्या नळात फिरवून यांत्रिक पान्याने नेमका आवळायचा, आणि सगळी रांग तेवढीच खाली सोडायची.

सर्वांत खालच्या नळाला गोल तोंडाचा बूट असतो. बुटात किंवा त्याच्या थोड्या वर एकदिशा झडप असते, म्हणून खालचे मड आत शिरत नाही. यासाठी वरून नळात मड ओतत राहावे लागते. नळ रिकामा राहिला तर बाहेरच्या दाबाने चेपला जाण्याचा धोका. आता गणित पाहा. नळ आणि खडक यांच्यामध्ये चोहोबाजूंनी फट उरते ती जेमतेम सव्वातीन सेंटिमीटरांची. एकेक नळ खाली गेला की सुमारे साडेपाचशे लिटर मडला त्या फटीतून वर यावे लागते. नळ घाईने सोडला तर तो पिचकारीच्या दट्ट्यासारखा काम करतो. तळाशी दाब वाढतो, अशक्त खडक फुटतो, आणि मड त्या भेगेत निघून जाते. मडची उंची उतरली की वायूवरचे ओझे हलके होते. म्हणून टाकीपाशी उभा राहून परत आलेले मड मोजणारा माणूस माझ्या मते या साऱ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा आहे. कमी आले तर खडक पितो आहे. जास्त आले तर खालून कोणीतरी ढकलते आहे. उलट, फार वेळ थांबलेही चालत नाही. सच्छिद्र थरासमोर नळ भिंतीला चिकटून बसू शकतो.

नळ मधोमध राहावा म्हणून त्याला ठिकठिकाणी कमानी असलेली पोलादी कडी घालतात. तो एका बाजूला टेकला तर त्या बाजूचे मड हलत नाही आणि तेथे सिमेंटही पोचत नाही. मेक्सिकोच्या आखातात 20 एप्रिल 2010 रोजी ‘डीपवॉटर होरायझन’ या रिगवर स्फोट होऊन 11 जण गेले. त्या विहिरीत शेवटच्या नळासाठी 21 कडी सुचवली असता 6 कडीच घातली होती. दुर्घटनेचे थेट कारण ते होते असे ठरलेले नाही. पण तळाच्या सिमेंटने वायू अडवला नाही आणि दाबाच्या चाचणीने दिलेला इशारा चुकीचा वाचला गेला, हे चौकशीत स्पष्ट झाले.

नळ तळाशी पोचला की आधी मड खेळवून छिद्र स्वच्छ करतात. मग रबरी बूच, त्यामागे पाण्यात कालवलेले सिमेंट, त्यामागे दुसरे बूच, आणि त्यामागे पुन्हा मड असा क्रमाने लोंढा नळातून खाली लोटतात. पहिले बूच तळाशी अडते, फुटते. सिमेंट बुटातून बाहेर पडून फटीतून वर चढते. दुसरे बूच येऊन टेकले की वरचा दाबमापक एकाएकी उसळतो, आणि पंप थांबतात. झडप सिमेंटला मागे येऊ देत नाही. ते घट्ट होईपर्यंत काही तास सारे थांबून राहतात. नंतर नळावर दाब देऊन पाहतात, तो टिकला तर लहान व्यासाचे बिट आत सोडतात. ते बूच, सिमेंट आणि बूट फोडून नव्या खडकात काही मीटर जाते. तेथे पुन्हा दाब देऊन खडक किती सोसतो ते वहीत टिपून घेतात, आणि पुढचा टप्पा सुरू होतो.