आम्लाचा जहालपणा कशात?

लिंबू, चिंच, आंबट ताक यांची चव जिभेला लगेच कळते. पण आंबटपणा येतो कशामुळे, हे कळायला रसायनशास्त्रज्ञांना शतके लागली. रॉबर्ट बॉइल यांनी जिभेऐवजी रंगावर भिस्त ठेवली. व्हायोलेट फुलांचे निळे सरबत आम्लात लाल आणि अल्कलीत हिरवे होते, असे त्यांनी १६६४ मध्ये नोंदवले. आम्ल ओळखता येऊ लागले, कारण मात्र सापडले नाही.

ते सापडले असे वाटले फ्रान्सच्या आंत्वान लव्हाझिए यांना. गंधक किंवा फॉस्फरस जाळून पाण्यात विरघळवला की आम्ल तयार होते आणि जळताना हवेतला एक वायू त्यात मिसळतो. आंबटपणा या वायूचाच, असे मानून त्यांनी ग्रीक शब्दांवरून त्याला ‘ऑक्सिजन’, म्हणजे आम्लजनक, हे नाव दिले. (आपला ‘प्राणवायू’ त्या मानाने पुष्कळ बरा!) पण मिठापासून बनणाऱ्या आम्लात ऑक्सिजन काही केल्या सापडेना. तो आहेच, फक्त बाहेर काढता येत नाही, अशी समजूत करून घेतली गेली. या आम्लापासून मिळणाऱ्या हिरवट वायूत तर तो भरपूर असणार, असे मानत. हम्फ्री डेव्ही यांनी त्या वायूत पांढरा होईपर्यंत तापवलेला कोळसा ठेवून पाहिला. ऑक्सिजन असता तर कोळशाने ओढून घेतला असता; तसे घडले नाही. १८१० मध्ये त्यांनी जाहीर केले, की हा वायू म्हणजे स्वतंत्र मूलद्रव्यच. तोच क्लोरीन. मिठापासूनच्या आम्लात होते फक्त हायड्रोजन आणि क्लोरीन. आपल्या जठरातही हेच आम्ल असते, हे विल्यम प्राउट यांनी पुढे १८२४ मध्ये दाखवले.

तीव्रतेचे कोडे मात्र उरलेच. सारख्या संहतीचे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल घेतले, तर दोन्हींना उदासीन करायला अल्कली सारखीच लागते. तरी पहिले जस्तावर तुटून पडते, दुसरे रेंगाळते. स्वीडनच्या स्वांते अर्हेनियस यांनी द्रावणातून वीज किती सहज वाहते ते मोजले. वीज वाहून नेतात ते पाण्यात फुटलेल्या रेणूंचे भारित तुकडे, म्हणजे आयन. हायड्रोक्लोरिक आम्लाचे जवळजवळ सगळे रेणू फुटतात. पातळ ॲसेटिक आम्लात शंभरातला एखाददुसराच. बाकीचे अल्कली पडेल तसे फुटत जातात, म्हणून शेवटी हिशेब सारखा येतो.

१८८४ मध्ये उप्साला विद्यापीठातल्या परीक्षकांनी त्यांच्या प्रबंधाला खालची श्रेणी दिली. १९०३ मध्ये आयनांच्या याच सिद्धान्तासाठी अर्हेनियस यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.