गुलाम तिकडचे आणि इकडचे

पैठणहून निघालेली एसटी बिडकीन, चितेगाव करत ज्या शहरात पोचते, ते शहर वसवणारा माणूस कधीकाळी बाजारात विकला गेला होता. इथिओपियात जन्मलेल्या चापू नावाच्या पोराला मोखा, बगदाद अशा मजला करत दख्खनेत आणलं गेलं. अंबर हे नावही त्याला बगदादच्या मालकानं दिलं. पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेल्या या मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी वसवली. तीच नंतर औरंगाबाद झाली आणि आता छत्रपती संभाजीनगर. हे सगळं दाराशी असताना गुलामगिरी म्हटलं की आपल्याला आठवते ती अमेरिकाच. कापसाचं शेत, काळा मजूर, चाबूक आणि शेवटी दाढीवाला लिंकन.

चित्र खोटं नाही, अर्धं आहे. या विषयावरचे आपले बहुतेक गैरसमज एकच काम करतात. ते गुलामगिरीला आपल्यापासून लांब ढकलतात, कधी समुद्रापलीकडे, कधी जुन्या काळात, नाहीतर एखाद्या थोर माणसाच्या सहीखाली.

‘फुल्यांनी “गुलामगिरी” अब्राहम लिंकनला अर्पण केली’

शाळेच्या भाषणांत हे वाक्य हमखास येतं. १८७३ च्या त्या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत लिंकनचं नाव नाही. जोतीरावांनी पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी निःस्वार्थपणे झीज सोसली, आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवून शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावं, असा त्या मजकुराचा आशय आहे. एका अध्यक्षाला नमस्कार घालणं आणि चळवळ करणाऱ्या लोकांना करणं यातला फरक जोतीरावांना पक्का कळत होता, असं मला वाटतं. पुस्तक निघालं त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी सत्यशोधक समाज स्थापला.

दुसरा घोळ असा की पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांविषयी आहे. तसंही नाही. धोंडीराव आणि जोतीराव यांच्या सोळा भागांच्या संवादात विषय आहे इथला: दशावताराच्या कथा, भटशाही, कुळकर्णी, शाळाखातं. अमेरिका तिथे आरशासारखी येते, चेहरा मात्र आपला दिसतो.

‘लिंकननं सही केली आणि गुलामगिरी संपली’

१ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांपुरता होता. तोही जिथे लिंकनचं सैन्य पोचलं तिथेच खरा ठरत गेला. केंटकी, मिसुरी, मेरीलँड आणि डेलावेअर ही चार राज्यं गुलाम बाळगत होती पण केंद्राच्या बाजूनं राहिली होती. त्यांना जाहीरनाम्यानं हातही लावला नाही. देशभर बंदी आली ती तेराव्या घटनादुरुस्तीनं, ६ डिसेंबर १८६५ ला. तेव्हा लिंकनचा खून होऊन आठ महिने होत आले होते. त्या दुरुस्तीतही ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून’ सक्तीची मजुरी चालेल अशी फट राहिली. दक्षिणेतल्या राज्यांनी ती लगेच हेरली. भटकण्यासारख्या किरकोळ आरोपांखाली काळ्या माणसांना तुरुंगात घालायचं आणि तिथून खाणी, रेल्वे, मळे यांना भाड्यानं द्यायचं, असा धंदा पुढची कित्येक दशकं चालला.

लिंकन मोठा होताच. पण १८६२ च्या उन्हाळ्यात त्यानंच जाहीर पत्रात लिहिलं होतं की आपलं पहिलं काम देश एक ठेवण्याचं आहे, मग त्यासाठी गुलाम सुटोत वा न सुटोत. त्याला पुढे ढकलणारे हात वेगळे होते.

त्यांतले पुष्कळसे हात काळे होते. फ्रेडरिक डग्लस हा मेरीलँडचा गुलाम. लहानपणी मालकिणीनं त्याला अक्षरं शिकवायला घेतली, तेव्हा मालकानं तिला थांबवलं. वाचायला शिकला तर हा गुलामीच्या कामाचा राहणार नाही, हे त्या मालकाला बरोबर कळलं होतं. डग्लस चोरून शिकला. १८३८ मध्ये खलाशाच्या वेशात, दुसऱ्याची कागदपत्रं खिशात घालून, आगगाडीनं पळाला. १८४५ मध्ये त्यानं आत्मचरित्र छापलं आणि पकडले जाण्याच्या भीतीनं त्याला इंग्लंडला जावं लागलं. तिथल्या मित्रांनी वर्गणी काढून त्याला कायदेशीर विकत घेतलं, तेव्हा कुठे तो मोकळा माणूस म्हणून परतला. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं दक्षिणेतल्या अनेक राज्यांत कायद्यानं गुन्हा होता. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा उघडणाऱ्या जोडप्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागली नसती.

हॅरिएट टबमन १८४९ मध्ये पळाली आणि पुनःपुन्हा परत जाऊन सुमारे ७० जणांना घेऊन आली. उत्तर-दक्षिणेच्या यादवी युद्धात जून १८६३ मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या एका नदीवरच्या हल्ल्यात ती वाटाड्या होती. एका रात्रीत ७०० हून जास्त गुलाम सुटले. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० काळे सैनिक लढले. गोऱ्यांपैकी विल्यम लॉइड गॅरिसननं १८३१ पासून ३५ वर्षं आपलं साप्ताहिक चालवलं. बोस्टनच्या जमावानं त्याला दोरीनं बांधून रस्त्यातून ओढत नेलं होतं. इलायजा लव्हजॉय या संपादकाला १८३७ मध्ये ठार मारलं, तेही इलिनॉयमध्ये, म्हणजे जिथे गुलामगिरीला कायद्यानं बंदी होती तिथे. सगळी उत्तर गुलामगिरीच्या विरोधात होती, या समजुतीचं उत्तर एवढ्या एका खुनात आहे.

‘ते युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी होतं’

फुटून निघालेल्या राज्यांनी कारणं स्वतःच लिहून ठेवली आहेत. मिसिसिपीच्या १८६१ च्या घोषणेत सुरुवातीलाच गुलामगिरी आहे. बंडखोरांचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यानं त्याच वर्षी मार्चमध्ये भाषणात सांगितलं की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हाच आमच्या नव्या सरकारचा पाया आहे. १८६० च्या जनगणनेत ३९ लाखांवर माणसं गुलाम म्हणून मोजली गेली होती. हक्क होते ते ही माणसं बाळगण्याचे. इथे वाद घालण्यासारखं फारसं काही नाही.

त्या युद्धाचा आपल्याशी संबंध नव्हता, हेही खरं नाही. गुलामांनी वेचलेला कापूस इंग्लंडातल्या लँकेशायरला जाणं थांबलं आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. वऱ्हाड-खानदेशच्या काळ्या मातीत कापूस वाढला, मुंबईत कंपन्यांवर कंपन्या निघाल्या. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि कर्ज शेतकऱ्याच्या गळ्यात राहिलं. दहा वर्षांनी सुप्याला सावकारांच्या वह्या जळाल्या, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं.

‘आपल्याकडे जात होती, गुलामगिरी नव्हती’

दोन्ही होत्या. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं ‘पेरिप्लस’ हे ग्रीक प्रवासवर्णन पैठणकरांना कौतुकाचं, कारण त्यात पैठणचं नाव आहे: भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवरचं गाव, जिथून गाड्या भरभरून अकीकासारखे दगड बंदराकडे जात. त्याच पुस्तकात, थोडं आधी, भडोचला राजासाठी उतरणाऱ्या मालाची यादी आहे. चांदीची भांडी, उंची मद्य, गाणारी पोरं आणि जनानखान्यासाठी सुंदर मुली. यादी आपण अभिमानानं सांगतो तेव्हा शेवटचे दोन जिन्नस गाळतो. शास्त्रांनाही दास परका नव्हता. मनुस्मृतीत दासांचे सात प्रकार आहेत, नारदस्मृतीत पंधरा: लढाईत धरलेला, दासीपोटी जन्मलेला, विकत घेतलेला, दुष्काळात पोसलेला, कर्जापायी आलेला वगैरे. पंधरा प्रकार पाडायला व्यवहारही तेवढाच पसरलेला असावा लागतो.

अठराव्या शतकातल्या पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणी आणि बटकी, म्हणजे गुलाम बायका, जागोजागी भेटतात. त्यांची खरेदी-विक्री होई. त्या बक्षीस म्हणून दिल्या जात, किल्ल्यांवर, पागेत, कोठीत, वाड्यात दळण-कांडण आणि शेणगोठा करत. दुष्काळात लोकांनी पोटची पोरं विकली, त्यातूनही त्या आल्या. पण सरकारी कुणबीण होण्याची एक वाट खास आपल्याकडची म्हणावी लागेल. बाईवर बदकर्माचा आरोप आला की सरकार तिला धरून कुणबीण करू शके, कामाला लावू शके किंवा विकू शके. आरोप करणारे नातेवाईक, न्याय करणारं सरकार, आणि फुकटचं मनुष्यबळ मिळणारंही सरकारच. वाड्यात त्यांना झालेली मुलं लेकावळे म्हणून वेगळ्या पंगतीला. म्हातारपणी काहींना सोडून दिल्याच्या नोंदी आहेत. म्हातारपणी सोडणं म्हणजे खाणारं तोंड कमी करणंही असतं.

हेही सांगितलं पाहिजे की १६७७ मध्ये कर्नाटकाच्या स्वारीत शिवाजी महाराजांनी डच व्यापाऱ्यांना दिलेल्या कौलात माणसांच्या खरेदी-विक्रीला साफ मनाई केली होती. डच मंडळी तिकडच्या किनाऱ्यावरून माणसं भरून नेत. त्या काळात एखाद्या राजानं व्यापाऱ्याचा असा नफा बुडवणं दुर्मीळ. पण या कौलाचा दाखला देऊन ‘मराठी मुलुखात गुलामच नव्हते’ असं म्हणता येत नाही, कारण त्यानंतरच्या शंभर वर्षांचे कागद समोर आहेत.

‘मलिक अंबर वजीर झाला, म्हणजे इकडची गुलामगिरी मवाळ होती’

हा गैरसमज शिकलेल्या लोकांत जास्त आहे, आणि त्यात तथ्याचा अंश असल्यामुळे जास्त चिवट आहे. दख्खनेत हबशी गुलाम आणले जात ते मुख्यतः फौजेसाठी. स्थानिक सरदारांच्या भांडणात नातीगोती नसलेला, मालकाखेरीज कुणाचा नसलेला शिपाई भरवशाचा, असा हिशोब होता. त्यामुळे त्याच्या हातात तलवार येई, हुद्दा येई. मालक मेला की बरेचदा तो मोकळा होई आणि त्याची मुलं गुलाम राहत नसत. अमेरिकेत याच्या उलट होतं. तिथे आई गुलाम तर मूल गुलाम, आणि कातडीचा रंग हाच दाखला. अंबरला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान हा स्वतः हबशी. १५७० च्या दशकात तो मेला आणि त्याच्या विधवेनं अंबरला मुक्त केलं. एकनाथ महाराज पैठणात लिहीत होते ते हेच दिवस. १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांकडे गेल्यावर अंबरनं नवा निजामशहा गादीवर बसवून मोगलांना पंचवीस वर्षं झुंजवलं. १६२४ ला भातवडीला त्याच्या बाजूनं शहाजीराजे लढले. जहांगीर एवढा वैतागला की अंबरच्या तोडलेल्या डोक्यावर आपण बाण मारतो आहोत असं चित्रच त्यानं काढून घेतलं. प्रत्यक्षात ते डोकं त्याच्या हाती कधी लागलं नाही. १६२६ मध्ये अंबर म्हातारा होऊन मेला, आणि खुलताबादला त्याची कबर आहे.

पण चंगेजखानाकडे असे सुमारे हजार हबशी गुलाम होते. एकाची कबर, नहर आणि शहर आपल्याला दाखवता येतं. बाकीचे कुठे मेले, त्यांची मूळ नावं काय होती, याची कुठे वही नाही. वर गेलेल्या एकावरून शिडी रुंद होती असं ठरवायचं, तर डग्लस अमेरिकेचा राजदूत होऊन हैतीला गेला म्हणून अमेरिकेतली गुलामगिरीही मवाळ ठरेल. शिवाय कुणबिणीसाठी कुठलीही शिडी नव्हती. गुलाम बाई वजीर झाल्याचं उदाहरण कुणी देत नाही.

‘इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली’

१८३३ मध्ये ब्रिटिश संसदेनं गुलामगिरी रद्द केली आणि मालकांना २ कोटी पौंड भरपाई दिली. गुलामांना काही नाही. कंपनीचा हिंदुस्थान त्या कायद्यातून वगळला होता. इथे १८४३ चा पाचवा कायदा आला. त्यानं गुलाम बाळगणं गुन्हा ठरवलं नाही, फक्त कोर्ट मालकाचा हक्क मानणार नाही एवढं सांगितलं. खरेदी-विक्रीला शिक्षा आली ती दंडसंहितेनं, १८६२ पासून. आणि पैठणला यातलं काहीच लागू नव्हतं. गोदावरीपलीकडचा शेवगाव तालुका इंग्रजांच्या नगर जिल्ह्यात, अलीकडे निजामाचं राज्य. हैदराबाद संस्थानात कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या भगेल्यांसाठी पहिला नियम झाला तो १९३६ मध्ये, आणि त्यानंही पद्धत मोडली नाही.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या २३ व्या कलमानं वेठबिगारीला बंदी केली, पण तिच्यावरचा देशव्यापी कायदा १९७६ चा. त्याच्या व्याख्येत देशभरच्या पद्धतींची नावं ओळीनं दिली आहेत. त्यात ‘भगेला’ आहे. मराठवाड्यातल्या वाचकानं ती व्याख्या एकदा वाचावी, कारण दसऱ्यानंतर बैलगाड्या आणि ट्रक भरून ऊसतोडीचे कोयते साखर कारखान्यांकडे निघतात तेव्हा ती उपयोगी पडू शकते. मुकादमाकडून उचल घेणं म्हणजे गुलामी नव्हे. पण उचल फिटेपर्यंत दुसरीकडे काम करायची किंवा निघून जायची मोकळीक काढून घेतली, तर तो व्यवहार या व्याख्येत बसतो. मग ते कर्ज कायद्यानं संपतं. ते वेठीचं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर येते, आणि तक्रार जिल्हाधिकाऱ्याकडे करता येते. कायदा मोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दोन हजारांचा आकडा १९७६ चाच आहे.